पेटी न उघडता

मुंबईजवळ न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे उतरणाऱ्या मालासाठी आयातदाराला ‘बिल ऑफ एंट्री’ हा कागद भरावा लागतो. माल कोणता, किती, केवढ्या किमतीचा, हे त्यात लिहायचे. त्यावरून सीमाशुल्क ठरते. पण लिहिलेले खरे कशावरून? प्रत्येक कंटेनर रिकामा करून पाहायचा म्हटले तर बंदर तुंबून जाईल. म्हणून काही निवडक कंटेनरच उघडतात आणि काहींचे क्ष-किरणांनी चित्र घेतात. ते चित्र चुकीचे वाचले, तर चोरटा माल सुटतो किंवा सचोटीच्या व्यापाऱ्याचा माल अडकून पडतो.

आणि चुकायला जागा आहेच, कारण हे चित्र म्हणजे अखेर सावली! किरणांच्या वाटेत जे जे आले, त्या सर्वांची ती बेरीज असते. विमानतळावरच्या बॅगेचेच उदाहरण घेऊ. १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण २.४ मि.मी. जाडीच्या लोखंडातून सुमारे निम्मे पार होतात. ४ सें.मी. पाण्यातूनही निम्मेच! दोन्हींची सावली सारखीच करडी. मग ओळखायचे कसे?

आता ऊर्जा ६० वर आणा. त्याच पाण्यातून शंभरांपैकी सुमारे ४३ किरण पार होतात, लोखंडातून मात्र जेमतेम १०. कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत् परिणामाचा जोर असतो आणि तो अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढतो. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, लोखंडाचा २६. म्हणून बॅगा तपासणाऱ्या यंत्रात कमी व जास्त ऊर्जेच्या किरणांची वेगवेगळी मोजणी करतात. दोन्हींची तुलना करून संगणक रंग भरतो: कापड, अन्न, प्लॅस्टिक नारिंगी, धातू निळे. हे रंग वस्तूंचे नव्हेत बरे का! माझ्या वर्गातही पुष्कळांची येथे गल्लत होते.

कंटेनरपुढे हे किरण दुबळे पडतात. तेथे कणत्वरकातून मिळवलेले, कित्येक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण लागतात. ते निम्मे अडवायला २ ते ३ सें.मी. लोखंड लागते. पण या ऊर्जेला कॉम्प्टन विकिरण प्रबळ ठरते. त्याला मूलद्रव्यापेक्षा वाटेतल्या वस्तुमानाशी कर्तव्य. भेदकता मिळाली, पदार्थांतला फरक मात्र पुसट झाला. त्यामुळे येथे अधिकाऱ्याची नजर कागद आणि सावली यांच्या मेळावर असते. कागदावर कापडाच्या गासड्या, आणि चित्रात एका कोपऱ्यात काळाकुट्ट चौकोन? उघडा कंटेनर!

भंगाराच्या कंटेनरमध्ये तर सगळेच काळे आणि वेडेवाकडे दिसते. तेथे शंका आली, की कामगार लावून माल खाली उतरवावाच लागतो.