डिझेल इंजिनातील सेन्सर-दोषाचे निदान

आदिलाबाद ही कापसाची मोठी बाजारपेठ असून राष्ट्रीय महामार्ग ४४ या जिल्ह्यातून जातो. त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना डिझेल मालवाहनांच्या दुरुस्तीत रोजगार मिळू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाल्यावर सेन्सर-निदान शिकविणे अधिकच आवश्यक झाले आहे.

स्कॅनरवरील दोष-संकेतांक संशयित सर्किट दाखवितो; सेन्सरच बिघडला आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. कूलंट-तापमान सेन्सरचे उदाहरण घेऊ. तापमान वाढले की याचा रोध घटतो. अनेक सेन्सरांत तो २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो.

रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाची पहाटे फक्त चावी फिरवावी. इंजिन सुरू न करता कूलंट व आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर पाहावे; दोन्ही जवळपास सारखे असावे. मोठी तफावत असल्यास संशयित सेन्सरचा कनेक्टर काढून सिग्नल व अर्थिंग तारांमध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. ते सुमारे ५ व्होल्ट नसेल तर आधी तारा व कनेक्टर तपासावेत. ते बरोबर असेल तरच सेन्सरचा रोध मोजून निर्मात्याच्या तक्त्याशी ताडावा.

हा क्रम अंगवळणी पडल्यास चांगला सेन्सर फेकला जात नाही व वाहनमालकाचा नाहक खर्च टळतो.