गिझरचं दुखणं पाण्यात आहे

काटोलच्या संत्राबागेत ठिबकच्या नळ्यांना ॲसिड द्यावं लागतं, हे इथल्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचले की झाड तहानलेलं राहतं. पण बोअरचं तेच पाणी घरच्या गिझरमध्ये जातं, तेव्हा मात्र त्या क्षारांचा विसर पडतो. थंडी पडते, नागपूरकडचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि मग ‘पाणी तापतच नाही’ म्हणून मेकॅनिकला फोन जातो.

इथली जमीन बेसाल्टची. खडकाच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन कॉइलवर बसतो; साठ अंशांच्या वर हा थर झपाट्याने वाढतो. कॉइलची उष्णता मग पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. आतून चरचर आवाज येतो, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते. पंचवीस लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला 2000 वॅटच्या गिझरला साधारण अर्धा तास पुरतो. त्याहून बराच वेळ लागू लागला, की क्षाराची शंका घ्यावी.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी मेन स्विच बंद. मग पाणी येणारा कॉक बंद करून टाकी रिकामी करायची. झाकण उघडलं की करड्या-पांढऱ्या पोपड्यांनी जाड झालेली कॉइल दिसते. ती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवली की बुडबुडे येत थर सुटतो. शेजारीच मॅग्नेशियमची दांडी असते. टाकीच्या लोखंडाऐवजी ती स्वतः झिजते. संपली की गंज टाकी खायला लागतो. दांडी वेळेवर बदलणं स्वस्त पडतं, गळकी टाकी मात्र सहसा बदलावीच लागते.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकणं साहजिक आहे, कारण तापलेलं पाणी फुगतं. ते ठिबकणं थांबवायला व्हॉल्व्हचं तोंड कधीही बुजवू नये; दाब कोंडला तर टाकी फुटू शकते. वायरिंग, थर्मोस्टॅट आणि अर्थिंगचं काम जाणकाराकडेच सोपवावं.

नळाची गोष्टही हीच. क्षाराचे खडे वायसरखाली अडकले की तोटी कितीही आवळा, नळ गळतोच. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी जातं. वायसर बदलणं घरच्या घरी जमतं. आटे पुसून त्यांच्या फिरण्याच्या दिशेनेच टेफ्लॉन टेप गुंडाळली, तर जोडही पक्का बसतो.

बागेच्या नळ्यांची वेळेवर काळजी घेणाऱ्या काटोलकराला हे अवघड नाही. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी गिझरही उघडून घ्या, आणि थर्मोस्टॅट साठ अंशांच्या पुढे नेऊ नका.