आलेख कोण काढतो : आपण की संगणक?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शाळेत आलेख काढायचा म्हणजे आलेखकागद, टोकदार पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसावे लागे. काढण्यापूर्वी बराच विचार करावा लागे. आडव्या अक्षावर काय घ्यायचे, उभ्या अक्षावर काय, १ सेंमी म्हणजे किती एकक, सुरुवात शून्यापासून करायची की अक्षसंकोचाची नागमोडी खूण करून पुढून सुरू करायचे, हे सारे ठरल्याखेरीज पहिला बिंदूसुद्धा मांडता येत नसे. आज आकडे संगणकात भरले, ‘चार्ट’ या शब्दावर टिचकी मारली की क्षणात रंगीत आलेख समोर येतो. मग तो विचार कोणी केला?

तो विचार आज्ञावली लिहिणाऱ्याने आपल्या वतीने आधीच करून ठेवलेला असतो. आलेखाचा प्रकार, अक्षांची सुरुवात आणि शेवट, वर्गांची रुंदी, रंग, बिंदूंचा आकार या प्रत्येक बाबतीत संगणकाजवळ एक ठरावीक निवड असते आणि आपण काही सांगितले नाही तर तो तीच वापरतो. ही निवड अनेकदा चांगली असते. पण आपली सामग्री कशाबद्दल आहे आणि आपल्याला कोणता प्रश्न विचारायचा आहे, हे संगणकाला ठाऊक नसते. म्हणून आलेखात बदल करणे म्हणजे त्याला नटवणे नव्हे. आपला प्रश्न त्या चित्रापर्यंत पोचवणे होय. हे किती महत्त्वाचे ठरू शकते ते एका खऱ्या उदाहरणातून पाहू.

तेवीस उड्डाणांची सामग्री

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान फ्लोरिडातील तळावरून उडाले आणि ७३ सेकंदांत नष्ट झाले. त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाच्या बाजूंना घन इंधनाचे दोन अग्निबाण जोडलेले असत. ते अनेक खंडांचे बनलेले असत आणि खंडांच्या सांध्यांतून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून तेथे रबरासारख्या पदार्थाची कडी बसवलेली असत. त्यांना ‘ओ-रिंग’ म्हणतात. थंडीत या कड्यांची लवचीकता कमी होते. त्या दिवशी उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान सुमारे ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ अंश सेल्सिअस होते. एका सांध्यातून वायू निसटले आणि अनर्थ घडला.

आदल्या रात्री अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतील रॉजर बॉयजोली व त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी इतक्या थंडीत उड्डाण करू नये असा आग्रह धरला होता. त्यांनी १३ पानांची माहिती फॅक्सने पाठवली. तीत तक्ते होते, मुद्दे होते. पण तापमान आणि कड्यांना झालेली इजा यांचा संबंध एकत्र दाखवणारा आलेख नव्हता. ‘७५ अंशांनाही इजा झालेली आहे, तेव्हा थंडीचा संबंध सिद्ध होत नाही’ असा युक्तिवाद पुढे आला आणि अखेर उड्डाणाला संमती मिळाली. निर्णय चुकण्यामागे केवळ आलेखाचा अभाव होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेळापत्रकाचा आणि वरिष्ठांचा दबावही होता. पण सामग्री हाताशी असून ती डोळ्यांना दिसली नाही, हेही खरे.

ही सामग्री आज सर्वांना उपलब्ध आहे. चॅलेंजरच्या आधीच्या ज्या २३ उड्डाणांनंतर अग्निबाण समुद्रातून काढून तपासता आले, त्यांतील ७ उड्डाणांत सांध्याच्या कड्यांना इजा झालेली आढळली. त्या वेळची तापमाने (अंश फॅरनहाइट) अशी : ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७०, ७५. उरलेल्या १६ उड्डाणांत इजा आढळली नाही. त्यांची तापमाने : ६६, ६७, ६७, ६७, ६८, ६९, ७०, ७०, ७२, ७३, ७५, ७६, ७६, ७८, ७९, ८१.

विद्यार्थ्यांकडून हे आकडे तक्त्यात भरून घ्यावेत. पहिल्या रकान्यात तापमान, दुसऱ्यात इजा असल्यास १ आणि नसल्यास ०. ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ ही मोफत मिळणारी आज्ञावली यासाठी पुरेशी आहे.

पहिली निवड : आलेखाचा प्रकार

दोन्ही रकाने निवडून ‘इन्सर्ट’ या यादीतील ‘चार्ट’ निवडले की कॅल्क आपण होऊन स्तंभालेख पुढे करते. त्यात तापमानाचे उंचच उंच स्तंभ दिसतील आणि ०-१ चे स्तंभ त्यांच्या पायथ्याशी जवळजवळ दिसेनासे होतील. चित्र बरोबर आहे, पण त्यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

मग अनेकजण ‘लाइन’ म्हणजे रेषालेख निवडतात. येथे एक सापळा आहे. रेषालेखात पहिल्या रकान्यातील संख्यांना आज्ञावली संख्या म्हणून नव्हे, तर नावे म्हणून वागवते. सोमवार, मंगळवार, बुधवार अशी नावे जशी सारख्या अंतरावर लिहावीत तशी. त्यामुळे ५८ व ६३ यांच्यातले अंतर आणि ७८ व ७९ यांच्यातले अंतर एकसारखेच दिसते. शिवाय बिंदू रेषेने जोडले जातात. दोन वेगवेगळ्या उड्डाणांच्या मध्ये मात्र असे काहीच घडलेले नसते. दोन संख्यात्मक राशींचा संबंध पाहायचा असेल तेव्हा ‘एक्स-वाय (स्कॅटर)’ हा बिंदूंचा आलेख निवडावा आणि त्यात ‘फक्त बिंदू’ हा पर्याय घ्यावा. प्रयोगशाळेतील लंबक, स्प्रिंग किंवा ओहमचा नियम यांच्या निरीक्षणांनाही हेच लागू आहे.

दुसरी निवड : कोणती सामग्री घ्यायची

आता आधी फक्त इजा झालेल्या ७ उड्डाणांचाच आलेख काढायला सांगावे. सात बिंदू १ या उंचीवर एका ओळीत ५३ पासून ७५ पर्यंत पसरलेले दिसतील. त्यावरून कोणीही म्हणेल की इजा थंडीत होते तशी उबेतही होते. त्या रात्रीचा युक्तिवाद नेमका असाच होता.

नंतर उरलेले १६ बिंदू त्यात घालावेत. ते ० या उंचीवर येतील आणि चित्र एकदम बोलू लागेल. ६५ अंशांच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा झाली आहे. ६५ च्या वर झालेल्या १९ पैकी केवळ ३ उड्डाणांत. खालच्या ओळीचा डावा भाग पूर्ण रिकामा आहे. थंडीत एकही उड्डाण निर्धोक पार पडलेले नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने आपल्या १९८६ च्या अहवालात असेच दोन आलेख शेजारी देऊन हा फरक दाखवला.

वर्गात हा मुद्दा थोडा थांबून समजावून द्यावा. घटना घडली त्या वेळांची नोंद जितकी महत्त्वाची, तितकीच ती घडली नाही त्या वेळांची. नापास झालेल्या मुलांपैकी किती जण गैरहजर राहत होते हे मोजून भागत नाही. पास झालेल्यांपैकी किती जण गैरहजर राहत होते हेही पाहावे लागते. कोणतीही आज्ञावली आपल्याला ‘उरलेले १६ कुठे आहेत?’ असे विचारत नाही. ते आपणच विचारायचे असते.

तिसरी निवड : अक्ष

आता आडव्या अक्षाकडे पाहू. संगणक बहुधा दिलेल्या संख्या जेमतेम मावतील एवढाच अक्ष घेतो. आपल्या सामग्रीत सर्वांत लहान तापमान ५३ असल्याने अक्ष त्याच्या थोडा अलीकडे, बहुधा ५० च्या आसपास, सुरू होईल. पण खरा प्रश्न ३६ अंशांचा होता. अक्षावर उजवी टिचकी मारून ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’ निवडावे, ‘स्केल’ या भागात ‘मिनिमम’ समोरची ‘ऑटोमॅटिक’ची खूण काढून तेथे ३० लिहावे, ‘मॅक्सिमम’ला ८५. मग ३६ च्या जागी एक उभी रेघ आखून घ्यावी.

आता ३६ ते ५३ यांच्यामधली मोकळी जागा स्पष्ट दिसेल. आतापर्यंतच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षाही १७ अंश खाली, जेथे कसलाच अनुभव नाही, अशा ठिकाणी यान सोडले जात होते. आलेख येथे ‘अपघात होणारच’ असे सिद्ध करत नाही. एकही बिंदू नसलेल्या प्रदेशाबद्दल तो तसे सांगू शकत नाही. तो एवढेच सांगतो की आपण अज्ञातात पाऊल टाकत आहोत आणि ज्ञात भागाचा कल धोक्याकडे आहे. आपोआप आखलेल्या अक्षात ही रिकामी जागा कागदावर आलीच नसती.

उभ्या अक्षाबद्दलही एक नियम लक्षात ठेवावा. स्तंभालेखात आपण स्तंभाच्या लांबीची तुलना करतो, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा. समजा एका शाळेचा निकाल ९२ टक्के आणि दुसरीचा ९४ टक्के आहे. अक्ष ९० पासून सुरू केला तर दुसऱ्या शाळेचा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसेल! उलट रेषालेखात आणि बिंदूंच्या आलेखात आपण चढउतार पाहतो. तेथे शून्याचा हट्ट नको. रुग्णाच्या तापाचा आलेख शून्य अंशापासून काढला तर ३७ आणि ४० यांतला फरक डॉक्टरांना दिसणे कठीण होईल.

चौथी निवड : बिंदू, वर्ग आणि रंग

आपल्या आलेखात बिंदू २३ हवेत, पण मोजल्यास कमी भरतात. ६७ अंशांची तीन उड्डाणे एकाच जागी एकावर एक बसली आहेत. यावर उपाय असा की पुन्हा येणाऱ्या बिंदूंची उंची ०, ०.०५, ०.१० अशी किंचित सरकवावी आणि तसे केल्याचे आलेखाखाली लिहावे.

आयतालेखात असाच प्रश्न वर्गांच्या रुंदीचा असतो. संख्याशास्त्रज्ञांच्या नेहमीच्या वापरातील ‘आर’ या आज्ञावलीत वर्ग किती असावेत हे एरवी स्टर्जेस यांच्या १९२६ च्या सूत्रावरून ठरते. ‘आर’मध्येच अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील ‘ओल्ड फेथफुल’ या उष्ण पाण्याच्या कारंज्याच्या २७२ उद्रेकांची सामग्री दिलेली असते. त्यांच्या कालावधीची सरासरी सुमारे साडेतीन मिनिटे आहे. अर्ध्या मिनिटाचे वर्ग घेतले तर दोन स्पष्ट उंचवटे दिसतात, एक २ मिनिटांच्या जवळ आणि दुसरा साडेचारच्या आसपास. साडेतीन मिनिटे चालणारे उद्रेक थोडेच! वर्ग दोन-दोन मिनिटांचे केले की ही मधली दरी बुजून जाते. म्हणून आयतालेख निदान तीन वेगवेगळ्या रुंदींनी काढून पाहावा.

रंगांबाबत एवढेच सांगू : वर्गात काहींना तांबडा व हिरवा यांतला फरक ओळखता येत नाही आणि शाळेतील झेरॉक्सची प्रत बहुधा काळी-पांढरीच असते. म्हणून रंगाबरोबर आकारही बदलावा. इजेसाठी भरीव वर्तुळ, इजा नसल्यास पोकळ. त्रिमितीय वृत्तालेख मात्र टाळावा. त्यात पुढची फाक मोठी आणि मागची लहान दिसते.

माउस की आज्ञा?

कॅल्कमध्ये हे सारे माउसने होते. ‘आर’मध्ये, जी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस रचली, आज्ञा लिहाव्या लागतात. हे प्रथम जड वाटते, परंतु त्याचा एक मोठा फायदा असा की आपण केलेली प्रत्येक निवड लिखित स्वरूपात शिल्लक राहते. अक्ष ३० पासून का घेतला, कोणत्या नोंदी वगळल्या, हे दुसऱ्याला वाचता व तपासता येते. माउसच्या टिचक्यांची नोंद कोठे उरत नाही. म्हणून कॅल्क वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आलेखासोबत वहीत पाच ओळी लिहाव्यात : सामग्री कोठून घेतली, काय वगळले, प्रकार कोणता निवडला, अक्ष कोठून कोठवर आहेत, आणि हे सारे का.

शिक्षकांनी वर्गाचे दोन गट करून एक प्रयोग करून पाहावा. पहिल्या गटाला वरच्या आकड्यांतील फक्त सात नोंदी द्याव्यात, दुसऱ्याला सर्व तेवीस. कशाच्या नोंदी आहेत ते सांगू नये. ‘एका यंत्राचे तापमान व बिघाड’ एवढेच म्हणावे. दोन्ही गटांनी आलेख काढून ‘उद्या तापमान ३६ अंश असेल, यंत्र चालवावे का?’ याचे उत्तर कारणांसह फळ्यावर लिहावे. मग हे यंत्र कोणते होते ते सांगावे. त्यानंतर आलेखातील अक्षाला मुले किरकोळ बाब समजणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.