संगणकाची सुरक्षा आणि माणसाची सवय

कार्यालयातील संगणकांच्या सुरक्षेचा विषय निघाला, की अँटिव्हायरस आणि फायरवॉल यांचीच चर्चा होते. मात्र, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी २०१६मध्ये पडलेल्या ऑनलाइन दरोड्याची सुरुवात साध्या ई-मेलपासून झाली होती. नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराच्या नावाने २०१५च्या प्रारंभी बँकेतील कर्मचाऱ्यांना पत्रे आली. बायोडेटा पाहण्यासाठी दिलेली लिंक काही संगणकांवर उघडली गेली आणि चोरांचा चंचुप्रवेश झाला.

वर्षभर दबा धरून बसलेल्या या चोरांनी ४ फेब्रुवारी २०१६ रोजी, गुरुवारी रात्री, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ९५ कोटी डॉलरचे ३५ बनावट आदेश धाडले. शुक्रवार हा बांगलादेशातील साप्ताहिक सुटीचा दिवस. व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर बंद दिसला. पण तो नेहमीचाच बिघाड समजला गेला. तोवर ८.१ कोटी डॉलर फिलिपाइन्समधील खात्यांत पोहोचले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मात्र वाचले. कारण 'फाउंडेशन' या शब्दाचे चुकलेले स्पेलिंग मधल्या बँकेत खटकले आणि विचारणा झाली. दार उघडले माणसाने आणि काही चोरी अडवली तीही माणसानेच!

अशा चुका केवळ अज्ञानातून होत नाहीत. आलेला अर्ज उघडणे हा कर्मचाऱ्याच्या कामाचाच भाग असतो. त्यात घाई, सवय आणि साहेबांच्या नावाचा धाक यांची भर पडते. नियम जाचक झाले, की पळवाटाही निघतात. पासवर्ड वारंवार बदलायला लावला, तर अनेक जण शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होतात. म्हणूनच अमेरिकेतील 'एनआयएसटी' या मानक संस्थेने २०१७मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती नको, अशी भूमिका घेतली.

पैसे पाठवण्याच्या तातडीच्या आदेशाची आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करणे, हा साधा उपाय मोठी हानी टाळू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चुकीची लिंक उघडल्याचे कर्मचाऱ्याने तत्काळ सांगितले, तर त्याला दटावणे टाळायला हवे. शिक्षेच्या भीतीने चूक लपवली जाते आणि चोरांना हवा असतो तो नेमका हाच अवधी.