कोशेची चित्रशाळा

पाटलीपुत्रातील कोशा गणिकेचे नाव निघाले की आठवते ते स्थूलभद्राचे वैराग्य. श्वेतांबर परंपरेतील ही कथा बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘परिशिष्टपर्वा’त विस्ताराने सांगितली आहे. व्याख्यानांत मात्र भर राहतो तो मुनींच्या विजयावर, आणि कोशा केवळ मोहाची मूर्ती होऊन मागे उरते. मूळ कथा तिच्याशी इतकी अनुदार नाही.

नंदाचा मंत्री शकटाल याचा हा ज्येष्ठ पुत्र 12 वर्षे कोशेच्या घरी रमला होता. पित्याच्या मृत्यूनंतर राजाने मंत्रिपद देऊ केले, तेव्हा विचार करण्यासाठी तो अशोकवनात गेला आणि केशलोच करूनच परतला. पुढे संभूतविजयांचा शिष्य झाल्यावर चातुर्मासासाठी त्याने मागितली ती कोशेचीच चित्रशाळा. गुरुबंधूंपैकी एकाने सिंहाची गुहा निवडली, एकाने सर्पाचे बीळ, एकाने विहिरीचा काठ. स्थूलभद्रापुढे षड्रस भोजन होते, ओळखीचे नृत्य होते आणि जिच्या प्रत्येक विभ्रमाची त्याला सवय होती अशी स्त्री होती. तो ढळला नाही. कोशा श्राविका झाली.

गुरूंनी इतरांचे तप दुष्कर म्हटले, स्थूलभद्राचे त्याहूनही दुष्कर. हे सिंहगुहेतील मुनीला लागले. पुढच्या वर्षी हट्टाने तो त्याच चित्रशाळेत गेला आणि कोशेला पाहताच भुलला. तिने त्याला नेपाळच्या राजाकडून रत्नकंबल आणावयास सांगितले. भर पावसाळ्यात, साधूला विहार वर्ज्य असताना, तो निघाला. वाटेत चोरांनी अडविले तरी कंबल घेऊन परतला. कोशेने ते गटारात फेकले. तो हळहळला, तेव्हा तिने विचारले की, कंबलाचा शोक करता, मग स्वतः कोठे पडत आहात ते का दिसत नाही?

येथे दोघांतील भेद उघड होतो. सिंहाला न भिणारा हा मुनी स्वतःच्या मनाशी अपरिचित होता; कामना आपल्यात नाहीच, असे त्याने गृहीत धरले होते. त्याला चित्रशाळेत नेले ते ईर्ष्येने. स्थूलभद्राला आपली आसक्ती 12 वर्षांची ठाऊक होती. लग्न ठरताना ‘मला राग येत नाही, मला मोह नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची गणना बहुधा पहिल्या प्रकारात करावी लागेल.

कोशेच्या आत्मभानाची कसोटी पुढे लागली. राजाज्ञेने येणाऱ्या पुरुषाचा अपवाद ठेवून तिने ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. राजाने तिच्याकडे एक रथिक पाठविला. तिच्यावर छाप पाडण्यासाठी त्याने बाणाला बाण जोडून दूरच्या झाडावरील आंब्यांचा घोस बसल्या जागी तोडून आणला. तिने मोहरीच्या राशीत सुई रोवून तिच्या टोकावर नृत्य केले आणि सांगितले की, यांतील काहीच कठीण नाही. कठीण ते स्थूलभद्राने केले. रथिकाने पुढे दीक्षा घेतली. कोशेच्या मुखी अखेरपर्यंत स्थूलभद्राचेच नाव राहिले. त्यात श्रद्धा किती आणि जुना अनुराग किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.