पावरीचा दम छातीत नाही, गालात

मार्गशीर्षात साक्रीहून पिंपळनेरच्या पुढे डोंगराच्या अंगाला गेलं, की रात्री पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य ऐकू येतं. कोकणी, भिल्ल, मावची या आदिवासींचा डोंगऱ्या देवाचा उत्सव तेव्हा रंगात असतो. व्रत घेतलेल्या माऊल्या गावोगाव नाचत फिरतात आणि पौर्णिमेला डोंगर पुजतात. फेर चालू आहे तोवर पावरीचा सूर तुटत नाही. वाजवणारा श्वास घेतो तरी कधी? ‘छातीमा दम शे भो!’ एवढंच उत्तर फेराबाहेर उभ्या असलेल्यांकडून मिळतं.

हे उत्तर अर्धंच खरं आहे. धडधाकट पुरुषाच्या फुप्फुसांत साधारण 6 लिटर हवा मावते. त्यातली सव्वा लिटरच्या आसपास कितीही जोर लावला तरी बाहेर येत नाही. बसल्या जागी आपण एका श्वासाला जेमतेम अर्धा लिटर घेतो. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने 1846 मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास स्पायरोमीटरवर मोजला, तेव्हा फुप्फुसांची क्षमता मुख्यतः उंचीबरोबर वाढते असं दिसलं. वाद्य फुंकून ती फार वाढते का? काही पाहण्यांत थोडा फरक दिसला खरा, पण 1985 साली अमेरिकेत गायक, सुषिरवाद्यं वाजवणारे आणि तंतु-तालवाद्यं वाजवणारे यांची तुलना झाली, तेव्हा फुप्फुसांच्या चाचणीत त्यांच्यात फरक आढळला नाही. थोडक्यात, तिजोरी बहुतेकांची सारखीच. कसब आहे ते खर्च करण्यात.

छाती पूर्ण भरली की ताणलेल्या फुग्यासारखी ती आपोआप हवा बाहेर ढकलू पाहते. त्या वेळी वादकाला फुंकायचं नसतं, उलट श्वास आत घेणाऱ्या स्नायूंनीच हवा रोखून धरायची असते. शेवटी शेवटी मात्र पोटाचे स्नायू आवळून ती ढकलावी लागते. या दोन टोकांमध्ये दाब हलू न देणं, हा रियाजाचा खरा भाग. प्रत्येक वाद्याचं गणितही वेगळं. बासरी दाब कमी मागते, पण हवा भरपूर खाते. सनईचं उलट. पत्तीच्या बारीक फटीतून हवा थोडीच जाते, दाब मात्र चांगला लागतो. म्हणून सनईवाला कासावीस होतो तो छाती रिकामी झाल्याने नव्हे, आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. त्याला आधी शिळी हवा सोडावी लागते, मग ताजी घ्यायची.

पावरी याहून अडचणीची. वाळलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवलेल्या असतात, पुढे शिंग. सूर काढणारी पत्ती भोपळ्याच्या आत, ओठांच्या आवाक्याबाहेर. तिला जिभेने आवरता येत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त दाब. तो पडला की सूर ढासळतो. भोपळ्यात हवा साठत असेल, असं वाटेल. पण मशक नावाच्या वाद्याची कातडी पिशवी काखेत दाबता येते, भोपळ्याचं कवच कडक. त्यात राखीव साठा जवळजवळ शून्य.

मग मशक कुठे आहे? वाजवणाऱ्याच्या तोंडात. छातीतली हवा संपत आली की तो गाल फुगवतो. जिभेचा मागचा भाग वर उचलून टाळूला टेकवतो, म्हणजे तोंड घशापासून तुटतं. मग गाल आवळून साठलेली हवा भोपळ्यात ढकलतो आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास ओढतो. जीभ खाली येते, छाती पुन्हा कामाला लागते. जोड इतका बारीक, की कानाला कळत नाही. हीच युक्ती जुन्या सोनारांचीही. फुंकणीने दिव्याची ज्योत डागावर धरताना ती हलून चालत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजेरिडू याच रीतीने वाजतं. 2006 साली स्वित्झर्लंडमध्ये 25 रुग्णांवर प्रयोग झाला. मध्यम स्वरूपाचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असलेल्या काहींना चार महिने ते वाजवायला शिकवलं. न शिकवलेल्यांपेक्षा त्यांचा त्रास आणि दिवसा येणारी पेंग कमी झाली. घशाचे स्नायू घट्ट झाले असावेत, हे त्यामागचं अनुमान. पंचविसांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण फायदा दिसला तो घशाच्या वाटेला, फुप्फुसाच्या आकाराला नाही, हे ध्यानात घ्यावं.

घरी करून पाहायचं असेल, तर पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या, पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि बुडबुडे थांबू न देता नाकाने श्वास घेऊन बघा. पहिल्या दिवशी पाणी नाकात जाईल. चक्कर आली तर थांबा. आणि पुढच्या मार्गशीर्षात पिंपळनेरकडे गेलात, तर वाजवणाऱ्याच्या बोटांकडे नंतर बघा, आधी त्याचे गाल बघा.