लोहाराला किती हिट पॉइंट्स?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना कॉम्प्युटर गेमच वाटतो. तसं नाहीये. हा टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार. एक जण डंजन मास्टर होतो आणि उरलेली अख्खी दुनिया त्याच्या गळ्यात पडते: राजा, पहारेकरी, खानावळवाली, लोहार. हे सगळे नॉन-प्लेअर कॅरेक्टर, थोडक्यात एनपीसी.

लोहाराशी गप्पा मारायला आकडे लागत नाहीत. पण खेळणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या गल्ल्यात हात घातला आणि त्याने हातोडा उचलला, की लागतात. मुख्य आकडे तीन-चारच. हल्ला करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त आली तर घाव बसला. मग दुसरा फासा टाकून डॅमेज काढायचं आणि ते हिट पॉइंट्समधून वजा करायचं. शून्य झाले की माणूस आडवा.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत यासाठी तयार नमुने दिलेत. सामान्य माणूस: आर्मर क्लास १०, हिट पॉइंट्स ४. पहारेकरी: १६ आणि ११. मुरलेला सैनिक: १७ आणि ५८. आपला एनपीसी ज्याच्या जवळचा वाटेल त्याचे आकडे उचलायचे, थोडे इकडेतिकडे करायचे, झालं.

पण हे इतकं सोपं नेहमीच नव्हतं. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एनपीसींसाठी वेगळे क्लासेस होते. साधा शेतकरी कॉमनर, कारागीर एक्स्पर्ट, वगैरे. गोची अशी, की कौशल्य वाढवायचं तर लेव्हल वाढवावी लागायची आणि लेव्हलबरोबर हिट पॉइंट्स नि हल्ल्याचा बोनसही आपोआप वाढायचा. म्हणजे तुमच्या गोष्टीतला सोनार जर दहाव्या लेव्हलचा निष्णात कारागीर असेल, तर त्याला सरासरी ३५ हिट पॉइंट्स आणि हल्ल्यात +७! आयुष्यभर भिंगातून खडे बघणारा म्हातारा नव्या शिपायाला सहज लोळवणार. उलट टोकाला पहिल्या लेव्हलचा कॉमनर. त्याला चार बाजूंच्या एका फाशाइतके हिट पॉइंट्स, सरासरी अडीच. त्याच आवृत्तीत घरच्या मांजरीलाही आकडे होते आणि तिचा पंजा लागला की किमान १ डॅमेज. दोन-चार बोचकारे आणि शेतकरी गार! खेळणाऱ्यांमध्ये हा जोक अजून चालतो. माझ्या मते दोष मांजरीचा नाही. कसब आणि लढायची ताकद एकाच दोरीला बांधली की असंच होणार. पाचव्या आवृत्तीत ही गाठ बरीच सुटली. सोनाराला हातकामाचा मोठा बोनस द्या आणि हिट पॉइंट्स खुशाल ४ ठेवा.

आता राजा. नवीन मास्टर राजाला हमखास २०० हिट पॉइंट्स देतो, म्हणजे कोणी त्याला मारू नये. पण पाचव्या आवृत्तीतल्या उमरावाच्या नमुन्याला फक्त ९ आहेत आणि मला ते पटतं. राजाची ताकद त्याच्या अंगात कशाला हवी, ती दाराशी उभी असते. हिशोब करून बघू (एम-थ्रीचा धसका घेतलेल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल). पहारेकऱ्याचा बोनस +३, आपल्या योद्ध्याचा आर्मर क्लास १८. फाशावर १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३० टक्के. एका घावाचं सरासरी डॅमेज साडेचार. क्रिटिकल सोडून दिले तर दर फेरीला एक पहारेकरी १.३५ डॅमेज करतो. काहीच नाही! पण दहा जणांनी घेरलं तर साडेतेरा. पाचव्या लेव्हलच्या योद्ध्याकडे साधारण ४४ हिट पॉइंट्स असतात, म्हणजे चौथ्या फेरीत तो जमिनीवर. हे गणित खेळणाऱ्यांना दिसलं की दरबारात आवाज आपोआप खाली येतात.

मात्र आकडे एकदा लिहिले की लढाई चालू असताना बदलायचे नाहीत. काही मास्टर खलनायक लवकर मरायला लागला की गुपचूप वीस हिट पॉइंट्स वाढवतात. गोष्ट रंगते हे खरं, पण समोरच्याने राखून ठेवलेला एकमेव मंत्र वापरलेला असतो, तो फुकट जातो. मला हे चीटिंगच वाटतं.

त्यापेक्षा जुन्या नियमांतला एक आकडा घ्या, मोराल. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये तो २ ते १२ असायचा. झुंजीत ठराविक वेळी दोन साधे फासे टाकायचे, बेरीज मोरालपेक्षा जास्त आली की एनपीसी पळणार किंवा शरण येणार. गल्ल्यासाठी भांडणाऱ्या लोहाराला मी ६ देईन. म्हणजे ३६ पैकी २१ वेळा तो हातोडा टाकून देईल. पण त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची लहान मुलगी झोपली असेल, तर बाकीचे सगळे आकडे तेच ठेवून मोराल १२.